नऊ नंबरची खोली

आमच्या गोडाऊनमध्ये थंड खोल्या आठ. प्रत्येकीच्या दारावर हातभर मोठा आकडा, एक ते आठ. नववी खोली नाही. आठव्या खोलीनंतर भिंत आहे आणि भिंतीवर आग विझवायची नळकांडी टांगलेली आहेत. तरी दिवसातून दहा वेळा आमच्याकडे नवव्या खोलीचं नाव निघायचं. साहेबांची बढती कुठे अडकली? नऊ नंबरमध्ये. कबूल केलेले नवे पंखे? बघा नऊ नंबरमध्ये, असतील. जे नाही, जे कधी मिळणार नाही, जे कुणीतरी उगाच बोलून गेलं, ते सगळं नऊ नंबरमध्ये. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तिथून खोकं आणायला पिटाळायचं, ही तर रीतच होती. मीही अर्धा तास शोधत हिंडले होते. परत आले तर सगळे दात काढून उभे. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

मी तिथे नोंद प्रमुख होते. कुठलं औषध कुठल्या खोलीत, किती डबे, कुठल्या हॉस्पिटलला गेले, हे कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या आम्ही पाच जणी, आणि त्यातली मुख्य मी. मला गोड बोलता येत नाही. पण माझी नोंद कधी चुकत नाही, हे मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचं सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं होतं. औषधं आमच्या खोल्यांत, आणि ती कुठे ठेवलीत याची यादी समुद्रापलीकडच्या कॉम्प्युटरवर. मग दोन सरकारांचं कशावरून तरी बिनसलं आणि एका सकाळी स्क्रीनवर चार ओळी आल्या. आपली सेवा पुढील सूचनेपर्यंत बंद आहे. गेटपास निघेना, आणि गेटपासशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम. तीन दिवस अठरा गाड्या फाटकात उभ्या होत्या. हॉस्पिटलांचे फोनवर फोन, आणि ती मागत होती ते औषध माझ्या खुर्चीपासून चाळीस पावलांवर. खोल्यांचं तापमानसुद्धा त्याच स्क्रीनवर दिसायचं, तेही गेलं. तेव्हा आमचे मिस्त्री, म्हणजे गारव्याची यंत्रं सांभाळणारे, तीन दिवस घरी गेले नाहीत. दर तासाला आठही खोल्यांत साधा थर्मामीटर घेऊन जायचे आणि आकडा वहीत लिहायचे. एक डबा वाया गेला नाही.

म्हणून सरकारने जेव्हा कायदा केला की देशातल्या मालाची नोंद देशातच राहील, आपल्याच यंत्रणेत, तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या. आजही वाजवीन. आपल्या घराची किल्ली शेजाऱ्याच्या खिशात ठेवून कुणाला झोप येते? नव्या यंत्रणेत देशभरातले सगळे डबे एका जागी दिसणार होते. एखादं औषध कमी पडलं की यंत्रणा आपणहून बाहेरून मागवणार, पुरेसं असलं की मागवणार नाही. आणि एकदा केलेली नोंद कुणाला पुसता येणार नाही, म्हणजे उद्या बाहेरून शिरून कुणी आकड्यांशी खेळायला नको. सगळं चोख होतं.

सराव करताना काहीही भरा, सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळं पुसून टाकू, असं शिकवायला आलेला माणूस म्हणाला. इतर गोडाऊनांनी आपापल्या खऱ्या खोल्यांवर सराव केला. आम्ही पडलो शहाणे. खऱ्या खोल्यांत कशाला घाण करायची, आपला नऊ नंबर आहे की! सगळ्या खिदळल्या. मी यंत्रणेत नववी खोली उघडली आणि जे नाव बोटांना पाठ होतं ते औषध तिच्यात टाकलं. डबे किती? चार हजार. सरावच करायचा तर हात आखडता कशाला?

नंतर वरून तारीख महिनाभर अलीकडे ओढली गेली. पुसापुशी राहिली. त्याऐवजी हुकूम आला, प्रत्येक खोली मोजा आणि खरा आकडा भरा, सरावाचा आकडा त्याखाली आपोआप गाडला जाईल. दोन दिवस आम्ही खपलो आणि आठही खोल्यांतला डबा न् डबा मोजला. नववी कोण मोजणार?

बोटांना पाठ असलेलं ते औषध बारकीचं. बारकी म्हणजे माझी नणंद. चौतीस वर्षांची झाली तरी घरात ती बारकीच. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि माझ्या नवऱ्याने आपली एक तिला दिली. तेव्हापासून सकाळी एक, संध्याकाळी एक अशी ती गोळी घेते. गोळ्या थांबल्या की शरीर ती किडनी परकी समजून हाकलायला बघतं. गोळी परदेशातून येते, गारव्यात ठेवावी लागते आणि बाहेर दुकानात मिळत नाही. सरकारी हॉस्पिटलच्या खिडकीवर महिन्याचा एक डबा मिळतो, तेवढाच. आमचे मिस्त्री मला अधूनमधून विचारायचे, "काय बाई, दोन्ही कंप्रेसर नीट चाललेत ना?" एक माझ्या नवऱ्याचा, एक बारकीचा.

त्या दिवशी दुपारी बारकीचा फोन आला. आवाजात नेहमीचा खट्याळपणा.

"वहिनी, माझ्या औषधावर बसून राहिलीस होय गं?"

"मी काय केलं?"

"तीन दिवसांपूर्वी अर्धाच डबा दिला, उरलेला आज देणार होते, आज तेही नाही. खिडकीवरचे दादा म्हणतात, देशात कुठे शिल्लक नाही आणि तुमच्या गोडाऊनमध्ये मात्र चार हजार डबे पडलेत. म्हणून नवीन मागवतही नाहीयेत. म्हटलं, अहो ती माझी वहिनीच आहे, कान धरून आणते."

"काहीतरीच काय. आमच्याकडे चाळीससुद्धा नसतील," मी म्हणाले. आणि मग तो आकडा माझ्या कानात जाऊन बसला. चार हजार.

"बारके, तुझ्याकडे किती दिवसांच्या आहेत?"

"बारा. का गं?"

मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. स्क्रीनवर औषधाचं नाव टाकलं. खोली क्रमांक नऊ, चार हजार डबे, नोंद करणारीचं नाव माझं. त्याच पानावर खाली देशभरात ही गोळी घेणाऱ्यांचा आकडा होता, हजाराच्या थोडा वर. म्हणजे माझ्या सरावाने अख्ख्या देशाचं चार महिन्यांचं औषध मागवायचं राहून गेलं होतं. महिना संपून दुसरा चालू होता. इतके दिवस मी त्या स्क्रीनसमोर बसून चहा पीत होते.

पुसायला गेले, पुसू देईना. मोजून खरा आकडा भरायची सोय यंत्रणा सुरू झाली तेव्हाच बंद झाली होती. जावक दाखवावी तर समोरच्या हॉस्पिटलने माल मिळाला म्हणायला हवं. दुसऱ्या गोडाऊनला पाठवला म्हणावं तर तिथेही तेच. शेवटी मी सरळ राजधानीतल्या मदत कक्षाला फोन लावला. खरं सांगून मोकळं व्हावं, दुसरं काय? पलीकडे एक मध्यमवयीन, थकलेला आवाज होता. मी भडाभडा बोलायला लागले, की आमच्याकडे साठ्याची एक नोंद खोटी आहे.

"थांबा," तो म्हणाला. "बाई, खोटी नोंद म्हणालात तर मला काय करावं लागेल ते आधी ऐका. हे बटण माझ्यासमोरच आहे. या क्षणी तुमचं गोडाऊन सील. सगळ्या खोल्यांची तपासणी होईपर्यंत एक गोळीसुद्धा बाहेर जाणार नाही. पंधरा दिवस, कामाचे. आणि ज्यांनी नोंद केली त्यांच्यावर गुन्हा. किती हॉस्पिटलं आहेत तुमच्याकडे?"

"दोनशे साठ."

मागे दुसरे फोन वाजत होते.

"मी अजून काही ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "लाइन खराब आहे. पुन्हा बोलणार आहात का तुम्ही?"

मी फोन ठेवला. देव करो आणि त्या माणसाचं भलं होवो, पण मला त्याचा इतका राग आला होता की टेबलावरचा स्टेपलर मी भिंतीवर मारला.

साहेबांना सांगितलं तर ते आधी खुर्चीतून उठले, मग दार लावलं, मग परत बसले. साहेब वाईट माणूस नाहीत. फक्त कुठल्याही आगीत आपली खुर्ची आधी बाहेर काढतात. त्यांनी वाट लगेच शोधली. चार हजार डबे खराब झाले असं दाखवायचं. खराब म्हटलं की साठा शून्य. शून्य झाला की केंद्राचा राखीव माल त्याच दिवशी सुटतो, विमानाने येतो, चार दिवसांत खिडकीवर. खराब माल जाळल्याचा दाखला ते स्वतः देतील.

"पण खराब कशाने झाला?" मी विचारलं.

"यंत्र बिघडलं. मिस्त्रींची एक सही लागेल. चार महिन्यांनी तो निवृत्तच होतोय. काय, एक मेमो मिळेल."

मेमो नव्हे. चार हजार डबे म्हणजे निवृत्तिवेतन गेलं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी फॉर्म घेऊन निघाले. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात तेव्हा फक्त बारा होते.

मिस्त्री यंत्रघरात जमिनीवर बसून कसलातरी पट्टा साफ करत होते. तिथे इतका आवाज असतो की ओरडूनच बोलावं लागतं. मी ओरडले, "खोलीत बिघाड झाल्याची सही हवीय!"

ते ताडकन उठले. "कुठल्या खोलीत?"

"नऊ!"

ते खळखळून हसले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि यंत्रघराचं दार ओढून मला बाहेर नेलं. मी सगळं सांगितलं. सांगताना रडले नाही, उलट त्यांच्यावरच खेकसत होते, जसं काही त्यांनीच केलंय. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग फॉर्म हातात घेऊन लांब धरून वाचला, चष्मा आत राहिला होता.

"शीतयंत्र चालकाचे दुर्लक्ष," त्यांनी मोठ्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदाच बघा, बाई."

"नका करू सही," मी म्हणाले. पण फॉर्म त्यांच्या हातातून काढून घेतला नाही, हेही लिहायला हवं.

"पोरीकडे बारा दिवस आहेत ना?" त्यांनी फॉर्म भिंतीला टेकवला आणि सही केली. अक्षर सुरेख आहे त्यांचं. "घरी कुणाला सांगू नका माझं नाव. आमच्या हिला उगाच वाटेल की मी म्हातारपणी कामचुकार झालो."

ते आत गेले आणि पुन्हा पट्टा पुसायला बसले.

मी नवऱ्याला फोन केला, सगळं सांगितलं, मिस्त्रींचं नाव तेवढं गाळलं, आणि काय करू ते विचारलं. तो दुकानात होता, गिऱ्हाईक असावं, कारण तो फार वेळ नुसता हं हं करत राहिला. मग बाहेर आला असावा.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "माझ्याकडे एक होती, ती मी दिली. आता आणखी काय देऊ ते तू सांग." तो चिडून बोलला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

खुर्चीत येऊन बसले. खराब मालाचं पान उघडलं. कारण निवडा, असं लिहून खाली दोन चौकटी होत्या. यंत्रातील बिघाड, सोबत चालकाची सही. किंवा हाताळणीतील निष्काळजीपणा, सोबत नोंद प्रमुखाचा अंगठा. ही दुसरी चौकट साहेबांनी मला सांगितली नव्हती. कदाचित त्यांना सुचलीच नसेल. आपल्या अंगावर कुणी ओढून घेईल हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही.

मला कुठलं मोठं तत्त्व वगैरे आठवलं नाही. मला त्या तीन दिवसांतले मिस्त्री आठवले, डोळे लाल झालेले, हातात थर्मामीटर, आणि तोंडाने स्वतःशीच आकडा पुटपुटत निघालेले, विसरू नये म्हणून. मी सही केलेला फॉर्म फाडला. चार तुकडे, मग आठ. दुसरी चौकट निवडली. खोलीचे दार चौदा तास उघडे राहिले, असं लिहिलं. जी खोली नाही तिचं दार. अंगठा काचेवर ठेवला. यंत्रणेने विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, आहे बाई, आहे, आणि बटण दाबलं.

आपली यंत्रणा, आपला देश, आपला साठा. आणि मला माझी एक ओळ खरी करता आली नाही, ती फक्त आणखी खोटी करता आली. हे मी कुणाला सांगू?

राखीव माल चौथ्या दिवशी आला. बडतर्फीचं पत्र त्याच्याही आधी, तिसऱ्या दिवशी. साहेबांनी नजर चुकवत चहा मागवला, मी प्यायले नाही. मिस्त्रींनी फाटकापर्यंत माझी पिशवी उचलून आणली आणि माझ्याकडे न बघताच परत फिरले. त्यांना फार राग आला होता. त्यांची सही मी फाडली, म्हणजे त्यांनी दिलेलं परत केलं, असं त्यांना वाटलं असावं.

सहाव्या दिवशी बारकी औषध आणायला गेली. तोपर्यंत नवऱ्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती परत आली, चपला न काढताच आत आली आणि डबा टेबलावर ठेवला.

"मिळालं ना?" मी विचारलं.

"मिळालं." ती खुर्चीच्या काठावर बसली. "खिडकीवर नोटीस लावलीय. चार हजार डबे निष्काळजीपणाने नष्ट झाले, म्हणून सगळ्यांना उशीर झाला. गोडाऊनचं नाव, आणि खाली नोंद प्रमुख. रांगेतले सगळे तुला शिव्या घालत होते, वहिनी. एक बाई म्हणाली, अशा बाईला त्याच खोलीत कोंडून घालायला हवं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. त्या बाईने मला विचारलं, तुम्हाला नाही का हो राग येत? मी म्हटलं, येतो." तिने माझ्याकडे बघितलं. "खरंच येतो गं. मी रात्रंदिवस गोळ्या मोजत होते. तुला सरावाला दुसरं नाव सुचलं नाही?"

मी तिला पाणी दिलं. तिने गोळी घेतली, ग्लास खाली ठेवला, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईची मुलगी वर ॲडमिट आहे. एकवीस वर्षांची. त्यांच्या गावच्या खिडकीवर आधीच संपल्या होत्या, नऊ दिवस गोळी नव्हती. डॉक्टर म्हणतात, किडनी गेली. आईचीच होती."

मी उठले. बारकी म्हणाली, "वहिनी, जाऊ नकोस. तिला सांगून काय होणार? उलट पोलिसात जाईल ती."

"जाऊ दे," मी म्हणाले.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर लांब बाक होता आणि बाकावर ती बाई एकटीच बसली होती. माझ्याच वयाची. पायाशी पिशवी, पिशवीत मुलीचे कपडे, आणि मांडीवर औषधाचा डबा, अजून सील न फोडलेला. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. घरून निघताना काय बोलायचं ते ठरवलं होतं, जिना चढेपर्यंत सगळं विसरले.

"मी ती गोडाऊनची बाई," मी म्हणाले. "नोटिशीतली."

ती उठली नाही. ओरडलीही नाही.

"ते डबे खराब झाले नव्हते," मी म्हणाले. "मी दार उघडं टाकलं नव्हतं. ती खोलीच नाही आमच्याकडे."

तिला काही कळेना. कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं, "मग माझ्या मुलीच्या गोळ्या होत्या कुठे?"

"कुठेच नव्हत्या हो," मी म्हणाले. "मी नुसत्या लिहिल्या होत्या."